मॅकबेथ वर्गात वाचताना: ‘तू’ कुठे, ‘आपण’ कुठे

शेक्सपिअरचा मॅकबेथ हातात घेतला की वर्गाची पहिली तक्रार ठरलेली: इंग्रजी जुनाट आहे, शब्द कळत नाहीत. अकरावीच्या वर्गात हे नाटक आम्ही पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत वाचतो, आणि अनुभव असा की जुन्या शब्दांनी फारसे अडत नाही. त्यांना तळटिपा असतात. अडते ते दुसरीकडे. मुलांना गोष्ट कळते, खून कोणी केला ते कळते, पण एक माणूस दुसऱ्याशी बोलताना कुठे जवळ आला, कुठे दूर सरकला, कुठे वाकला आणि कुठे गुरगुरला हे त्यांच्या लक्षात येत नाही. नाटक तर तिथेच घडत असते.

गंमत अशी की हे ओळखायची सवय गोव्यातल्या मुलांच्या कानाला लहानपणापासून असते. प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणी, पाचवीपासून इंग्रजी, घरात कोणाला ‘तूं’ आणि कोणाला ‘तुमी’ याचे न शिकवता आलेले भान. आई ‘तू’, बाबा ‘तुम्ही’, देव पुन्हा ‘तू’. शेक्सपिअरच्या इंग्रजीतही असे दोन शब्द होते, ‘दाऊ’ आणि ‘यू’. आजच्या इंग्रजीत त्यातला एकच उरला. लंडनच्या मुलाला जे टीप वाचून समजून घ्यावे लागते, ते म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या मुलाला नुसते ऐकून कळू शकते. आमची सगळी पद्धत या एका सोयीवर उभी आहे.

आधी पुस्तकाचे. सगळ्या वर्गाकडे एकच आवृत्ती हवी. या नाटकाचा मूळ छापील पाठ एकच, १६२३ च्या फोलिओतला, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहातला, तरी आजच्या आवृत्त्यांत ओळींचे क्रमांक जुळत नाहीत. गद्य मजकूर पानाच्या रुंदीप्रमाणे मोडतो, त्यामुळे दरवानाच्या प्रवेशापासून आकडे मागेपुढे होतात. पाचव्या अंकातल्या प्रवेशांची संख्यासुद्धा काही पुस्तकांत वेगळी असते. दोन आवृत्त्या वर्गात आल्या की प्रत्येक तासाची पाच मिनिटे ‘कुठली ओळ?’ यातच जातात.

डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर सोपे इंग्रजी अशी पुस्तके मिळतात. मुलांना ती आवडतात आणि त्यांचा एक तोटा मोठा आहे. उजव्या पानावर ‘दाऊ’ आणि ‘यू’ दोन्हींचे ‘यू’ झालेले असते. म्हणजे मराठी कानाला जे सहज पकडता आले असते, नेमके तेच पुसले जाते. अशी पुस्तके असली तर उजवे पान वहीच्या कागदाने झाकायचे आणि प्रवेश संपल्यावर पडताळ्यापुरते उघडायचे. एवढी शिस्त पहिल्या आठवड्यात लागली नाही तर पुढे लागत नाही.

वेळेचे गणित असे. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ही सर्वांत आखूड, साधारण २१०० ओळींची. ३५ मिनिटांच्या तासात थांबत थांबत वाचले की सत्तर-ऐंशी ओळी होतात. त्या हिशेबाने २८ तास लागतात, आठवड्याला तीन तास मिळाले तर सव्वादोन महिने. दुसरा अंक चवथीच्या सुट्टीपूर्वी संपलाच पाहिजे. राजा डंकनचा मॅकबेथने केलेला खून अर्ध्यावर ठेवून मुले सुट्टीला गेली तर परतल्यावर तो ताण पुन्हा बांधता येत नाही. जागा वाचवायची असेल तर तिसऱ्या अंकातला हेकटीचा, चेटकिणींच्या देवीचा, प्रवेश गाळावा. तो बहुधा दुसऱ्या नाटककाराने, मिडल्टनने, घातलेला आहे असे बरेच अभ्यासक मानतात, आणि तो नसल्याने कथेचा एकही धागा तुटत नाही.

वहीत चार रकाने आखायचे: कोण बोलतो, कोणाशी, ‘तू’ की ‘तुम्ही’, आणि त्या क्षणी काय घडले. पुस्तकात लाल पेन्सिलीने ‘दाऊ’ची रूपे आणि निळ्या पेन्सिलीने ‘यू’ची रूपे अधोरेखित करायची. त्याआधी रूपे पाठ हवीत. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘दाय’ म्हणजे तुझा, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘दाय’चे ‘दाईन’. क्रियापदाच्या शेवटी ‘स्ट’ लागतो: हॅस्ट, डिडस्ट, नोएस्ट. हे मुलांना अवघड वाटते, ते मराठीकडे बोट दाखवेपर्यंत. आपणही ‘तू’ आला की ‘आहेस’, ‘जातोस’, ‘म्हणालास’ असा शेवटी ‘स’ लावतो. हा योगायोग नाही. ‘तू’ आणि ‘दाऊ’ एकाच प्राचीन मुळाचे, आणि तो ‘स’सुद्धा दोन्हीकडे एकाच जुन्या प्रत्ययापासून आलेला. हे एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की रूपांचा तक्ता पुन्हा घोकून घ्यावा लागत नाही.

सुरुवात पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशापासून केलेली बरी. वाचन क्रमाने होते, पण रकाने भरणे इथून. राजा डंकन मॅकबेथला ‘तू’ म्हणतो: तू इतका पुढे गेलास की बक्षीस तुला गाठू शकत नाही. मॅकबेथ उत्तरात राजाला ‘आपण’ म्हणतो. धनी आणि चाकर, वरून खाली ‘तू’, खालून वर ‘आपण’. भाटकार आणि कुळाचे बोलणे ज्यांनी आजोबांकडून ऐकले आहे त्यांना हे सांगावेच लागत नाही.

याच ठिकाणी तीन धोके सांगून ठेवावे लागतात, नाहीतर मुले यांत्रिकपणे रंग भरत जातात. एक, ‘यू’ हे अनेकवचनही आहे. मॅकबेथ तीन चेटकिणींना ‘तुम्ही कोण?’ विचारतो त्यात आदर काही नाही, त्या तिघी आहेत एवढेच. मारेकऱ्यांशीही तसेच. दोघे समोर असताना ‘यू’, आणि मेजवानीच्या दारात एकटा येतो तेव्हा लगेच ‘तुझ्या तोंडावर रक्त आहे’. दोन, रात्र, खंजीर, पृथ्वी, भूत यांना ‘दाऊ’च म्हणतात, जसे आपण देवाला आणि पावसाला ‘तू’ म्हणतो. तीन, हे नाटक लिहिले गेले त्या १६०६ च्या सुमारास हा भेद इंग्रजीत सैल होत चालला होता. प्रत्येक ‘यू’मागे गुपित शोधू नये. एकच माणूस एकाच माणसाशी बोलताना शब्द बदलतो, तिथे थांबावे.

आणि असे थांबण्याचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे नवरा-बायको. पाचव्या प्रवेशात लेडी मॅकबेथ पत्र वाचते. पत्रात नवरा तिला ‘दाऊ’ म्हणतो, तीही एकटी असताना त्याला ‘दाऊ’ म्हणते. तो आत येतो तेव्हा तिच्या पहिल्याच बोलण्यात ‘तुझ्या पत्रांनी मला उचलून पुढच्या काळात नेले’. राजा उद्या परत जाणार म्हणून तो सांगतो, आणि पुढच्या चार-पाच ओळींत तीच बाई ‘तुमचा चेहरा, सरदार, उघड्या पुस्तकासारखा आहे’ असे म्हणते. लाल संपून निळा सुरू होतो. का? वर्गाला इथे मराठीत बोलायला लावायचे. एकाने ‘तुझा चेहरा’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘तुमचा चेहरा’, तिसऱ्याने ‘अहो, तुमचा चेहरा’. तिन्ही आवाज वेगळे येतात. कोणी म्हणते ती मान देते आहे, कोणी म्हणते ती आता प्रेमातून कामावर आली. दोन्ही उत्तरे टिकतात, आणि दोन्हींचा पुरावा पानावर आहे, म्हणून हा वाद दहा मिनिटे चालू द्यावा.

सातवा प्रवेश तर ओळ न ओळ वाचायचा. साधारण ८० ओळींच्या या प्रवेशात ‘आपण हे पुढे न्यायचे नाही’ म्हणणारा मॅकबेथ ‘माझे ठरले’ म्हणेपर्यंत येतो. ती सुरुवातीला ‘तुम्ही दालनातून का उठून आलात?’ विचारते. मग ‘आजपासून तुझे प्रेमही असलेच समजते’ असा एकदम ‘तू’, आणि ‘इच्छेत शूर असलेला तू कृतीत भितोस का?’ हा टोला. पण ‘तेव्हा तुम्ही पुरुष होता’ हे वाक्य पुन्हा ‘यू’मध्ये. टोचताना जवळ, आठवण देताना दूर. सोप्या इंग्रजीत वाचणाऱ्या मुलाच्या उत्तरात ‘तिने त्याला भरीस पाडले’ एवढे एकच वाक्य येते. रकाने भरणारा मुलगा कुठल्या ओळीला काय वळण आले ते सांगतो.

ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचे सांगायलाच हवे, कारण तिथे मुले टीप बघतच नाहीत. ‘सक्सेस’ म्हणजे इथे यश नव्हे, नुसता परिणाम, मग तो कसाही असो. ‘ओ’ म्हणजे देणे लागणे नव्हे, मालकीचे असणे. ‘डाउट’ शेवटच्या अंकात शंका येणे, संशय धरणे या अर्थी. ‘विअर्ड’ म्हणजे विचित्र नव्हे, दैवाशी संबंधित. ‘अडिशन’ म्हणजे किताब. आणि आमचा सर्वांत लाडका शब्द ‘अर्नेस्ट’. राजाचा माणूस येऊन सांगतो की मोठ्या मानाचा ‘अर्नेस्ट’ म्हणून तुला कॉडरची सरदारकी दिली आहे. याला नेमका मराठी शब्द आहे: विसार. जमीन घेताना, बैलजोडी ठरवताना हातावर ठेवतात तो. आणखी तीस ओळींच्या आत मॅकबेथ तोच शब्द उचलतो आणि चेटकिणींच्या ‘तू राजा होशील’ या भाकितासाठी वापरतो. हे वाईट असेल तर मला विसार का मिळाला? राजाने दिलेला विसार त्याने मनातल्या मनात दुसऱ्याच व्यवहारात जमा करून टाकला. हे एक उदाहरण कळले की मुले पुढे स्वतः शब्दांची पुनरावृत्ती शोधू लागतात.

कपड्यांचेही तसेच. ‘उसने कपडे मला का चढवता?’ हे मॅकबेथ पहिल्या अंकात म्हणतो. नवे कपडे वापराशिवाय अंगाला बसत नाहीत, हे त्याच्या बरोबरीचा सरदार बँको म्हणतो. आणि पाचव्या अंकात एक सरदार म्हणतो की राक्षसाचा झगा चोरट्या बुटक्याच्या अंगावर लोंबावा तसे याचे राजेपण लोंबते आहे. देवळासमोरच्या मांडवात जत्रेच्या नाटकाला ड्रेपरीवाल्याकडून आलेला राजाचा अंगरखा, टाचण्यांनी मागून आवळलेला, या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. टाचणी सुटली की राजा कसा दिसतो तेही. ही प्रतिमा समजावत बसायची गरज नाही, आठवण करून दिली की पुरे.

वाचन मोठ्याने, आणि ओळीच्या शेवटी न थांबता विरामचिन्हाला थांबून. छंदाचा भाग इथे खरा त्रास देतो. मराठी-कोकणी बोलणारा प्रत्येक अक्षरावर जवळपास सारखा भार टाकतो, इंग्रजी ओळ हलके-जड, हलके-जड अशी पाच पावले चालते. वर्गात घुमट, हे गोव्याचे तालवाद्य, वाजवणारा एखादा असतोच. त्याला बाकावर ठेका धरायला सांगायचे आणि मॅकबेथचे पहिले वाक्य घ्यायचे: सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन. दहा अक्षरे, पाच ठोके, पहिला ‘फाउल’वर. मग चेटकिणींचे ‘डबल, डबल, टॉइल अँड ट्रबल’ घ्यायचे. ठेका उलटतो, पहिलेच अक्षर जड. मुलांना फरक कानाने कळतो आणि मगच पहिल्या ठेक्याचे ‘आयँबिक’ हे नाव सांगावे. उलट क्रमाने केले तर नाव पाठ होते, ठेका नाही.

दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश, खुनानंतरचा, दोघांनी पाठीला पाठ लावून वाचायचा. ‘तुम्ही बोललात?’ ‘कधी?’ ‘आत्ता.’ ‘मी उतरत होतो तेव्हा?’ इतके तुटक बोलणे आहे की हे मूळ इंग्रजीत कोणालाही जमते. तिसऱ्याने दाराबाहेर उभे राहून टकटक द्यायची. टकटक पुस्तकात जिथे आहे तिथेच हवी, आधी नाही. एक शब्द लवकर पडली तरी प्रसंग विनोदी होतो. भूमिका दर प्रवेशाला बदलाव्यात. खड्या आवाजाच्या एकाच मुलाकडे मॅकबेथ राहिला तर बाकीचे प्रेक्षक होतात आणि तिसऱ्या दिवशी पेंगतात. लाजऱ्या मुलाला प्रॉम्प्टर करावे, कारण त्याला सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते.

टकटकीमागून दरवान येतो, आणि त्याच्या तोंडी दुटप्पी बोलणाऱ्याची थट्टा. तिला त्या काळाचा संदर्भ आहे. नोव्हेंबर १६०५ मध्ये पार्लमेंट उडवण्याचा कट उघडकीला आला, आणि १६०६ मध्ये हेन्री गार्नेट या जेझुइट पाद्र्यावर खटला चालला. शब्द खरे, अर्थ राखून ठेवलेला, अशी उत्तरे देण्याचा वाद त्या खटल्यात गाजला. इथे आम्ही गोव्याकडे वळतो. त्याच पिढीतला एक इंग्रज जेझुइट, थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्याला आला, साष्टीत राहिला आणि त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिले. ते साष्टीतल्याच राशोलला छापले गेले १६१६ मध्ये, आणि शेक्सपिअर वारला तोही १६१६ मध्येच. ‘शेक्सपिअरचा काळ’ म्हटले की मुलांना दूरचा देश दिसतो. राशोलचे नाव घेतले की तोच काळ तासाभराच्या वाटेवर येतो.

तिसरा अंक बँकोच्या स्वगताने उघडतो आणि रकान्यांचे सगळ्यात चांगले फळ इथे मिळते. मागची पाने चाळा: मॅकबेथ आणि बँको समोरासमोर नेहमी ‘यू’. दोघे बरोबरीचे सरदार, जपून बोलणारे. आता बँको एकटा आहे, आणि म्हणतो: तुला मिळाले सगळे, राजेपण, कॉडर, ग्लॅमिस, आणि मला भीती वाटते की तू त्यासाठी घाणेरडा डाव खेळलास. लाल. तुताऱ्या वाजतात, मॅकबेथ राजा म्हणून आत येतो, आणि बँको ‘आपली आज्ञा’ म्हणतो. मेजवानीत बँकोचे भूत येते तेव्हा मॅकबेथ त्याला ‘तू’ म्हणतो: मी केले असे तू म्हणू शकत नाहीस, तुझे रक्ताळलेले केस माझ्यापुढे हलवू नकोस. दोन मित्र एकमेकांना ‘तू’ म्हणतात ते एकमेकांच्या पाठीमागे आणि मेल्यानंतर. हे आम्ही कधी सांगत नाही. वही पुढे ठेवून ‘दोघांच्या ओळी शोधा’ एवढेच म्हणतो.

मेजवानीसाठी खुर्च्या मांडाव्यात. फोलिओत भूत येऊन मॅकबेथच्या जागी बसते अशी सूचना आहे. एकदा खुर्ची रिकामी ठेवून आणि एकदा मुलाला बसवून प्रवेश करून पाहायचा, आणि पाहुणे काय पाहतात ते बसलेल्यांना लिहायला लावायचे.

चौथ्या अंकातली भाकिते समजायला नरसिंह पुरतो. माणूस नाही, पशू नाही, दिवस नाही, रात्र नाही, घरात नाही, बाहेर नाही. आणि उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला घात होतो. पण तुलना इथे सोडू नये, फरकही काढून घ्यावा. हिरण्यकश्यपूने वराचे शब्द स्वतः मागितले होते. मॅकबेथने फक्त भविष्य विचारले, शब्द मागितले नाहीत. ‘बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला इजा करणार नाही’ आणि ‘बर्नमचे रान चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस’ हे त्याच्या कानावर पडले, आणि ‘मला मरण नाही’ हा अर्थ त्याने काढला. ‘पाप केले, शिक्षा झाली’ अशा एका वाक्यात नाटक गुंडाळणाऱ्या उत्तराला हा फरकच अडवतो. ‘एकच प्याला’ पाहिलेल्या मुलाला सुधाकरची आठवण द्यावी: काय होणार हे दिसत असूनही पुढे जाणारा माणूस. चौथ्या अंकाचा लांबलचक इंग्लंडचा प्रवेश डंकनचा मुलगा माल्कम घेतो त्या परीक्षेपर्यंत थोडक्यात सांगावा, पण मॅकडफ या सरदाराला बायकामुलांच्या खुनाची बातमी कळते तिथून एकही ओळ गाळू नये. ‘पुरुषासारखे सोस’ असे सांगितल्यावर ‘पुरुषासारखे दुःखही व्हायला हवे ना’ हे त्याचे उत्तर, आणि पहिल्या अंकातले ‘तेव्हा तुम्ही पुरुष होता’ हे वाक्य, शेजारी शेजारी लिहावे.

पाचव्या अंकात झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ गद्यात बोलते. ठेका धरणारा मुलगा आपोआप थांबतो, तेव्हा वर्गाला कळते. ती झोपेतही नवऱ्याला ‘यू’च म्हणते: हात धुवा, रात्रीचा झगा घाला. ‘थोड्या पाण्याने हे निघून जाईल’ म्हणणारीही तीच होती.

‘टुमॉरो’च्या भाषणावर उत्तरपत्रिकेत एक चूक हमखास येते: ‘शेक्सपिअर म्हणतो, आयुष्य म्हणजे वेड्याने सांगितलेली गोष्ट.’ शेक्सपिअर नाही म्हणत. बायको मेल्याची बातमी नुकतीच ऐकलेला, रान चालून येतेय हे अजून न कळलेला मॅकबेथ म्हणतो. कोणी, कोणाला, नेमके कशानंतर, हे तीन शब्दांत तरी लिहिल्याशिवाय अवतरण द्यायचे नाही, असा नियमच ठेवावा. आणि ती ओळ ठेक्यावर म्हणून घ्यावी. तीन ‘टुमॉरो’ आणि त्यांच्या मधल्या दोन्ही ‘अँड’वर ठोका पडतो. साध्या बोलण्यात ज्या शब्दाला कोणी वजन देत नाही तो ‘आणि’ इथे पाय ओढत चालतो.

शेवटच्या लढाईत वहीचा रकाना सलग लाल होतो. तरुण सिवर्ड आणि मॅकबेथ, मग मॅकडफ आणि मॅकबेथ, कोणी कोणाला ‘यू’ म्हणत नाही. मग माल्कम येतो, सरदारांना अर्ल हा नवा किताब देतो आणि सगळ्यांना ‘यू’ म्हणतो. निळी पेन्सिल पुन्हा हातात येते, आणि मुले विचारतात: हे आदराचे की अनेकवचन? शेवटच्या तासाची वीस मिनिटे यासाठी राखून ठेवावी लागतात.